घरातला गाणी-फोटोंचा संग्रह सगळ्या संगणकांवर एकसारखा कसा ठेवावा?



आजचा विषय अगदी घरगुती आहे. बंगळुरूतल्या मराठी घरांत एक चित्र हमखास दिसतं. हॉलमध्ये जुना डेस्कटॉप, मुलाकडे एक लॅपटॉप, सुनेकडे दुसरा, मुलगी पुण्यात किंवा अमेरिकेत, तिच्याकडे मॅक. प्रत्येकाकडे थोडे फोटो, थोडी गाणी, थोडे व्हिडिओ. लग्नाचा व्हिडिओ एकाकडे, बारशाचे फोटो दुसऱ्याकडे, आजोबांच्या आवाजातलं रामरक्षेचं रेकॉर्डिंग नक्की कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. संग्रहाची तीच गत होते.

हे सगळं एकत्र आणून सर्व संगणकांवर एकसारखं कसं ठेवायचं, ते आज पाहू. पण त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची आहे, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

सिंक आणि बॅकअप यांत फरक काय?

सिंक म्हणजे दोन ठिकाणं सारखी ठेवणं. इकडे नवी फाइल आली की तिकडेही येते. इकडे नाव बदललं की तिकडेही बदलतं. आणि इकडून फाइल पुसली की तिकडूनही पुसली जाते. हे शेवटचं वाक्य बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. सिंकला तुमचा हेतू कळत नाही. तुम्ही मुद्दाम डिलीट केलंत की चुकून बोट पडलं, त्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. ते आज्ञाधारक शिपायासारखं हुकूम पाळतं.

बॅकअप म्हणजे कालची, गेल्या महिन्याची स्थिती वेगळी जपून ठेवणं, जिच्यावर आजच्या चुकीचा परिणाम होत नाही.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं. कॅसेटवरून नीट उतरवून घेतलेलं, एका क्लाउड फोल्डरमध्ये ठेवलेलं. तो फोल्डर घरातल्या तिन्ही संगणकांवर आपोआप सिंक होत असे. त्यामुळे घरच्यांना वाटे, आपल्याकडे चार प्रती आहेत. नातवाच्या लॅपटॉपवर जागा कमी पडली म्हणून त्यानं तो फोल्डर तिथून काढला. त्याला वाटलं, आपण फक्त आपल्या लॅपटॉपवरची प्रत काढतोय. काही मिनिटांत चारही ठिकाणचा फोल्डर गेला. अशा सेवांच्या कचरापेटीत पुसलेल्या फाइली साधारण ३० दिवस राहतात. घरच्यांना पत्ता लागला तो आजीच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे दोन महिन्यांनी. मूळ कॅसेट उतरवून झाल्यावर टाकून दिली होती. त्यांच्याकडे चार प्रती नव्हत्याच. एकच प्रत होती, ती चार ठिकाणी दिसत होती.

मोठ्यांकडेही असं घडतं. पिक्सार कंपनीत १९९८ साली टॉय स्टोरी २ या चित्रपटाचं काम चालू होतं. कुणाकडून तरी फाइली पुसण्याचा आदेश चुकीच्या जागी दिला गेला आणि चित्रपटातली पात्रं पडद्यावरून एकेक करून नाहीशी होऊ लागली. बॅकअप होता, पण तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि ते कुणी तपासलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या तांत्रिक पर्यवेक्षिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला. ती प्रत वाचली, कारण ती ऑफिसच्या यंत्रणेपासून वेगळी होती.

आधी मोजदाद करा

कामाला लागण्यापूर्वी घरात काय आहे त्याची यादी करा. तीन ढीग करा.

पहिला ढीग, पुन्हा कधीच न मिळणारं: घरच्यांचे आवाज, लग्न-मुंजीचे व्हिडिओ, जुन्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो, वडिलांनी हौसेनं केलेली खासगी बैठकीतली रेकॉर्डिंग.

दुसरा ढीग, कष्टानं पुन्हा मिळेल असं: विकत घेतलेल्या सीडींवरून उतरवलेली गाणी, विकत घेतलेले चित्रपट.

तिसरा ढीग, गेलं तरी चालेल असं: व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात, एकाच सूर्यास्ताचे चाळीस फोटो.

सगळ्यांत जास्त मेहनत पहिल्या ढिगावर घ्यायची. आणि हा ढीग बहुधा सर्वांत लहान निघतो. हिशेब बघा. साध्या प्रतीच्या, म्हणजे १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये एक मिनिट आवाज सुमारे १ एमबी जागा घेतो. ६० मिनिटांची कॅसेट ६० एमबी. शंभर कॅसेट म्हणजे फक्त ६ जीबी. सीडीच्या दर्जाचा आवाज ठेवलात तर दर मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे शंभर कॅसेटना ६० जीबी. जागा खातो तो व्हिडिओ. २०००च्या आसपास आपल्याकडे आलेल्या हँडीकॅमच्या मिनीडीव्ही कॅसेटचा एक तास मूळ दर्जात १३ जीबी होतो. अशा वीस कॅसेट म्हणजे २६० जीबी. तरीही हे सगळं १ टीबीच्या एका डिस्कवर आरामात मावतं.

एक सूचना. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ समजू नका, तो दाबून लहान केलेला असतो. मूळ हवा असेल तर समोरच्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मुख्य प्रत कोणती, ते ठरवा

सैन्यात महत्त्वाच्या आदेशाच्या प्रत्येक प्रतीवर लिहिलेलं असतं, एकूण इतक्या प्रतींपैकी ही अमुक क्रमांकाची. दुरुस्ती करायची तर ती आदेश काढणाऱ्या कार्यालयातून निघते आणि मग सर्व प्रतींमध्ये होते. प्रत्येक तुकडी आपापल्या प्रतीत खाडाखोड करू लागली तर लढाईच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात वेगळा आदेश असेल.

घरातही तेच करा. एक संगणक मुख्य ठरवा. नवे फोटो, नवी गाणी आधी त्याच्यावर चढतील. नावं बदलणं, फोल्डर लावणं, नको ते काढणं, सगळं फक्त तिथंच. बाकीचे संगणक तिथून प्रत घेतील. कुटुंबात एकाच व्यक्तीनं ही जबाबदारी घ्यावी. निवृत्त माणसाला यासारखं काम नाही.

मुख्य संगणक कोणता नसावा, तेही सांगतो. कंपनीनं दिलेला लॅपटॉप. बंगळुरूत नोकऱ्या बदलतात तशी ही यंत्रंही परत जातात आणि पुढच्या माणसाला देण्यापूर्वी पुसली जातात. त्यावर घरचा संग्रह ठेवूच नका. तो कंपनीच्या नियमांतही बहुधा बसत नाही.

इथं एक प्रश्न स्वतःला विचारा. प्रत्येक संगणकावर सगळ्या फाइली खरंच हव्या आहेत का? घरातल्या घरात फक्त ऐकायचं-बघायचं असेल, तर मुख्य संगणकावर जेलीफिनसारखा मोफत सर्व्हर बसवा. मग टीव्ही, फोन, लॅपटॉप घरच्या वायफायवरून तिथलंच गाणं वाजवतील. प्रत करण्याची गरजच नाही. सिंक लागतं ते प्रवासात, परगावी किंवा इंटरनेट नसतानाही संग्रह हवा असतो तेव्हा.

साधनं कोणती?

विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आधीपासूनच असते. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल तर फ्रीफाइलसिंक हा प्रोग्राम घ्या. तो डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा दाखवतो आणि काय बदलणार आहे ते आधी समोर मांडतो. ज्येष्ठांसाठी मी हाच सुचवतो, कारण बटण दाबण्यापूर्वी सगळं डोळ्यांनी दिसतं.

लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांसाठी आरसिंक आहे. ऑस्ट्रेलियात अँड्रयू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ साली आणलं. त्याची युक्ती अशी: दोन संगणकांवरच्या एकाच फाइलीत थोडाच फरक असेल, तर पूर्ण फाइल न पाठवता फक्त बदललेले तुकडे नेटवर्कवरून पाठवायचे. कुठली फाइल बदलली हे ते एरवी आकार आणि तारीख पाहून ठरवतं.

या सर्वांत मिरर नावाची एक पद्धत असते. मिरर म्हणजे दुसरी बाजू हुबेहूब पहिलीसारखी करणं. पहिल्या बाजूला नसलेलं दुसरीकडे असेल तर ते पुसलं जातं. समजा, मुख्य डिस्कऐवजी चुकून रिकामी डिस्क पहिल्या बाजूला आली, तर भरलेली डिस्क रिकामी होईल. म्हणून मिरर चालवण्यापूर्वी तालीम घ्या. तिन्ही साधनांत प्रत्यक्ष काही न करता फक्त यादी दाखवण्याची सोय आहे. यादीत शेकडो फाइली पुसायच्या दिसल्या तर थांबा.

आपोआप सिंक हवं असेल तर सिंकथिंग. हा मोफत प्रोग्राम २०१३ साली आला. यात मधे कुठल्या कंपनीचं साठवणघर नाही. फाइली एका संगणकावरून थेट दुसऱ्याकडे, कुलूपबंद स्वरूपात जातात. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. दोघांनी एकमेकांचा क्रमांक मान्य केल्याशिवाय देवाणघेवाण सुरू होत नाही. पुण्याची मुलगी आणि बंगळुरूचे वडील यांच्यासाठी हे चांगलं आहे. अट एकच, दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत.

सिंकथिंगमध्ये तीन गोष्टी नीट करा.

एक, मुख्य संगणकावर फोल्डरचा प्रकार 'फक्त पाठवा' असा ठेवा.

दोन, बाकीच्यांवर 'फक्त घ्या' असा ठेवा. मग नातवानं त्याच्या लॅपटॉपवर काहीही पुसलं तरी ते इतरांकडे पसरत नाही.

तीन, घेणाऱ्या संगणकांवर फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय सुरू करा आणि मुदत किमान ९० दिवस द्या. ही सोय दुसरीकडून आलेल्या बदलांपुरती चालते. म्हणजे मुख्य संगणकावर चूक झाली तर जुनी फाइल घेणाऱ्याकडे बाजूला राहते. म्हणून ती घेणाऱ्या बाजूला सुरू करणं महत्त्वाचं.

पहिली मोठी प्रत मात्र तारेनं करा. १ टीबी माल १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून जायला हिशेबानं २२ तास लागतात. बाहेरची डिस्क यूएसबीला लावून एकदा सगळं चढवा, नंतरचे थोडे थोडे बदल वायफायवरून जाऊ द्या.

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण खास मराठी आहे. समजा, फाइलीचं नाव आहे 'वाऱ्यावरची वरात'. त्यातलं 'ऱ' हे अक्षर संगणक दोन प्रकारे साठवू शकतो. एक म्हणजे 'ऱ' हे सबंध अक्षर, दुसरा म्हणजे 'र' आणि त्याखाली नुक्ता. काही जण तोच आकार तिसऱ्या रीतीनं, 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखी, संगणकाला तीन वेगळी नावं. जुन्या मॅकची डिस्क-पद्धत अशी अक्षरं फोडून साठवत असे, विंडोज आहे तसं ठेवतं. परिणाम असा की एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात आणि कोण कुणाची प्रत ते कळत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत ठेवा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते. मराठी नाव, गायक, राग ही माहिती गाण्याच्या आतल्या टॅगमध्ये लिहा. टॅग फाइलीबरोबर प्रवास करतो. नावात प्रश्नचिन्ह, तारा किंवा विसर्गासारखा कोलन टाकू नका, विंडोजला ते चालत नाही.

दुसरी अडचण जुन्या पेनड्राइव्हची. फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे मिनीडीव्हीची अख्खी कॅसेट चढणार नाही. शिवाय तिथं फाइलीची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदली जाते. तीच डिस्क अमेरिकेत लावली की सगळ्या फाइली बदलल्यासारख्या वाटू शकतात. अशी डिस्क रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. सर्व संगणकांची घड्याळं इंटरनेटवरून आपोआप लावलेली हवीत, हेही पाहा.

तिसरी अडचण संग्रहाच्या वहीची. गाणी वाजवणारे आणि फोटो लावणारे बरेच प्रोग्राम आपली एक वही ठेवतात. कुठली फाइल कुठे आहे, तुमची आवडती कोणती, याद्या कोणत्या, हे सगळं त्यात असतं. प्रोग्राम चालू असताना ही वही सिंक केली तर ती अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पाठवली जाते आणि बिघडते. म्हणून गाण्यांचा फोल्डर सिंक करा, वही करू नका. प्रत्येक संगणकावरच्या प्रोग्रामला आपली वही स्वतः बांधू द्या. जपण्यासाठी वहीची प्रत हवी असेल तर प्रोग्राम बंद करून घ्या.

घराबाहेर एक प्रत

आता बॅकअप. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

घराबाहेर कशासाठी? सप्टेंबर २०२२मध्ये बंगळुरूत बेळंदूर आणि सर्जापूर रस्त्याच्या भागात घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा चांगल्या चांगल्या बंगल्यांतून लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. ज्या कपाटात संगणक, त्याच कपाटात बॅकअपची डिस्क असेल, तर पाणी दोन्हींना एकाच वेळी भेटतं. आगीचंही तसंच. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती दुसरीकडे होत्या, ते राहिले.

आपल्याला दोन बाहेरच्या डिस्क पुरतात. एक घरात, एक बहिणीकडे किंवा मित्राकडे. तीन महिन्यांनी त्यांची अदलाबदल करायची. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यातही सापडते आणि व्हायरसच्या तावडीतही. डिस्कवर चिठ्ठी चिकटवा: प्रत क्रमांक आणि शेवटची तारीख.

आणि कवायत करा. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाल्यावर बॅकअपच्या डिस्कवरून कुठल्याही तीन फाइली उघडा. एक गाणं शेवटपर्यंत ऐका, एक व्हिडिओ मधूनच बघा, एक जुना फोटो मोठा करून पाहा. पंधरा मिनिटांचं काम. पिक्सारमध्ये राहून गेलं होतं ते हेच. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

नेहमीचे प्रश्न

फक्त क्लाउड पुरेल का? घराबाहेरची एक प्रत म्हणून उत्तम. एकमेव प्रत म्हणून नाही. पासवर्ड हरवला, पैसे भरायचे राहिले, तर दार बंद होतं.

गाण्यांच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी संग्रहात धरायची का? नाही. ती त्या ॲपमध्येच वाजतात आणि वर्गणी संपली की जातात.

बॅकअपला एसएसडी घ्यावी की साधी हार्ड डिस्क? रोजच्या वापराला एसएसडी जलद. पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची असेल तर साधी हार्ड डिस्क बरी. दोन्हींना पाच-सहा वर्षांनी निवृत्ती द्या.

मूळ कॅसेट, अल्बम टाकून द्यावेत का? मुळीच नाही. कोरड्या जागी ठेवा. ती तुमची सर्वांत जुनी प्रत आहे.

आणि आपल्यामागे काय? हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण साठीनंतर तो विचारायलाच हवा. एका कागदावर लिहा: मुख्य प्रत कुठे आहे, डिस्क कुणाकडे आहेत, पासवर्ड कुठे ठेवले आहेत, आणि पहिला ढीग कुठल्या फोल्डरमध्ये आहे. तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा आणि मुलांपैकी एकाला दाखवून ठेवा. फोटोंमधली माणसं कोण, हेही लिहून ठेवा. चेहरा जपला आणि नाव गेलं, तर नातवंडांच्या दृष्टीनं तो परक्याचाच फोटो.

या आठवड्यात एवढंच करा: पहिला ढीग एका फोल्डरमध्ये आणा आणि त्याची एक प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ती काढून ठेवा. सिंक त्यानंतर सावकाश लावा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.